वय झालं म्हणण्याआधी छातीवर स्टेथो ठेवा : महाराष्ट्रातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

बाजारपेठेतल्या गाळ्यात, वाडीवरच्या दवाखान्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. पाटीवर एमबीबीएस असो, बीएएमएस असो की बीएचएमएस, मला त्याने फरक पडत नाही. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेनासं झालं की घरचे आधी तुमच्याकडेच आणतात.

मी फिजिशियन आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी रोज हृदयाचे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. झडप बदलण्याचं ऑपरेशन मी करत नाही, जांघेतून तार घालून झडप बसवण्याचं कामही माझं नाही. त्यामुळे रुग्ण पुढे पुण्या-मुंबईला गेला तरी त्यात माझं काही नाही. मागणं एकच आहे : पासष्टी ओलांडलेला माणूस दम, चक्कर, छातीत दुखणं किंवा नुसता थकवा घेऊन आला, की त्याच्या छातीच्या उजव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली दुसऱ्या फटीत स्टेथो ठेवा आणि मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला खरखरीचा जादा आवाज, येतो का ते ऐका. आला, तर इकोला पाठवा.

असं का लिहावं लागतंय ते सांगते. हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप आकसण्याचा आजार, एओर्टिक स्टेनोसिस, उतारवयात कॅल्शियम साठून होतो. काहींना जन्मतःच या झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या असतात, त्यांना तो दहा-पंधरा वर्षं आधी गाठतो. आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापातून झालेलेही आहेत. निरोगी झडप उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटर वाट मिळते. ती एकाच्या खाली गेली की आजार गंभीर. वीस वर्षांपूर्वीपर्यंत अशा रुग्णाला छाती उघडून झडप बदलण्याखेरीज मार्ग नव्हता, आणि ऐंशीच्या माणसाला सर्जन बऱ्याचदा नाही म्हणत. आज जांघेतून तार घालून, छाती न उघडता झडप बसवण्याचा मार्ग आहे. पण माझ्या टेबलावर येणारे कित्येक जण इतक्या उशिरा येतात की तो मार्ग त्यांच्या कामाचा राहत नाही. आणि येण्याआधी वर्ष-दोन वर्षं ते कुणा ना कुणा दवाखान्यात जातच असतात.

अलीकडची एक फाईल सांगते. आजी सत्तरीच्या पुढच्या, अंगाने बारीक. मुलाच्या खांद्यावर हात टाकून आल्या आणि बाकावर बसल्या त्या पाच मिनिटं बोलल्याच नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर दम्याचा पंप. दुसरीवर अशक्तपणासाठी सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन, तेही एकदा नव्हे. तिसरीवर गॅसची गोळी. एका ठिकाणी रक्ताच्या गोळ्या, कारण हिमोग्लोबिन आठ. प्रत्येक चिठ्ठीवर वजन होतं, बीपी होतं, साखर होती. हृदयाच्या आवाजाबद्दल एकाही चिठ्ठीवर अक्षर नव्हतं.

टेबलावर झोपवून मी आधी स्टेथो लावला. आवाज शोधावा लागला नाही. खरखरीत मर्मर, मानेत दोन्ही बाजूंना ऐकू येणारा, हृदयाचा दुसरा ठोका जवळजवळ पुसलेला. मग इको. पडद्यावर ज्या जागी तीन पातळ पाकळ्या प्रत्येक ठोक्याला भिंतीपर्यंत उघडताना दिसायला हव्यात, तिथे पांढरा दगडी गोळा होता आणि त्यात एक चीर. रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉपलरचा आवाज चालू केला तेव्हा मुलानेच विचारलं, "हे काय फुसफुसतंय?" रक्ताचा वेग सेकंदाला पावणेपाच मीटर होता. चारच्या वर गेला की गंभीर धरतात.

मी विचारलं, "आजी, दम कधीपासून लागतो?" त्या म्हणाल्या, "दम लागत नाही बाई. मी चालतेच कुठं?"

ही गोष्ट मला तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. हा आजार सावकाश वाढतो आणि माणूस त्याच्या मापाने आपलं जगणं कापत जातो. आधी शेतावर जाणं बंद होतं, मग देवळापर्यंत, मग ओसरीपर्यंत. घरच्यांना वाटतं, वय झालं. रुग्णालाही तसंच वाटतं. म्हणून "दम लागतो का?" असं विचारलं की "नाही" हे उत्तर येतं आणि ते खरंही असतं. त्याऐवजी असं विचारून बघा : गेल्या आषाढीला दिंडीत चालला होतात का? यंदा का नाही गेलात? जेजुरीच्या पायऱ्या शेवटच्या कधी चढलात, मध्ये किती वेळा बसलात? पाणी कोण भरतं हल्ली? सोबत आलेल्या सुनेला विचारा, तिला बरोबर माहीत असतं.

मर्मर ऐकायला फार तर अर्धा मिनिट लागतो. दुपारी एकपर्यंत साठ पेशंट संपवायचे असतात हे मला माहीत आहे, मीही त्या खुर्चीत बसलेली आहे. बायकांच्या बाबतीत अडचण वेगळी असते. साडीच्या पदरावरून, ब्लाऊजवरून स्टेथो टेकवला जातो आणि कापडाच्या घासण्यात आवाज हरवतो. पण हा मर्मर जिथे सगळ्यात चांगला ऐकू येतो ती जागा गळ्याजवळ आहे, पदर जरासा सरकवला की पुरतं. आणि मान तर उघडीच असते. मानेच्या शिरेवर स्टेथो ठेवून श्वास रोखायला सांगा. तिथे खरखर ऐकू आली तर पुढचा विचार करायलाच हवा. म्हाताऱ्या माणसात हा मर्मर कधीकधी छातीच्या टोकाशी, डाव्या बाजूला, सुरेल शिट्टीसारखा ऐकू येतो आणि आपण त्याला मायट्रलचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा, समजतो. आवाजाच्या मोठेपणावरून मात्र आजार किती ते ठरवू नका. हृदय थकलं की प्रवाह कमी होतो आणि मर्मर मऊ पडतो. फार बारीक मर्मर आणि फार आजारी माणूस, ही जोडी सगळ्यात धोक्याची.

बीपीच्या आकड्यावरही विसंबू नका. बाहीवर १३० दिसत असताना डाव्या कप्प्यात दाब २०० असू शकतो, कारण मधला सगळा फरक त्या अरुंद झडपेवर खर्च होतो. म्हणूनच अशा रुग्णाला छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली की बीपी झटकन पडू शकतं. चक्कर येते म्हणून सलाईन लावलं की ताठरलेल्या हृदयामागे फुप्फुसात पाणी साचू शकतं. दोन्ही गोष्टी आपल्याकडे रोज होतात, चांगल्या हेतूने होतात.

आजींचं हिमोग्लोबिन आठ होतं, त्याबद्दलही बोलायला हवं. १९५८ मध्ये एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं होतं : झडप आकसलेल्या आपल्या काही रुग्णांना आतड्यातून रक्तस्राव होतो आणि कारण सापडत नाही. पुढे कारण कळलं. अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचे मोठे रेणू तुटतात आणि आतड्यातल्या नाजूक शिरा झिरपत राहतात. झडप बदलली की बऱ्याच जणांचं झिरपणं थांबतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाचं रक्त पुन्हा पुन्हा कमी होत असेल, लोहाच्या गोळ्यांनी चढून परत उतरत असेल, तर छातीवरही स्टेथो ठेवा.

लक्षणं सुरू झाल्यावर वेळ किती असतो, याचे आकडे जुने आहेत. रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी १९६८ साली मांडलेले : छातीत दुखायला लागल्यावर सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यावर तीन, हृदय कमजोर होऊन दम लागायला लागल्यावर दोन. त्यानंतर औषधं खूप आली, पण झडपेचा दगड विरघळवणारं एकही आलेलं नाही. २०१० साली पार्टनर या चाचणीचे निकाल आले, त्यात ऑपरेशन झेपणार नाही असं सर्जननी ठरवलेले रुग्ण होते. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यातले ५०.७ टक्के वर्षभरात गेले. ज्यांना कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, झडप बसवली त्यांच्यात हा आकडा ३०.७ होता. म्हणजे पाच जणांना झडप बसवली की त्यातला एक जास्तीचा माणूस वर्षाअखेर जिवंत. इतका फायदा देणारे उपचार आपल्या हातात मोजके आहेत.

या प्रक्रियेला सगळे टॅव्ही म्हणतात. पहिल्यांदा माणसात ती १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी केली. रुग्ण ५७ वर्षांचा, हृदय बंद पडण्याच्या बेतात, सर्जननी हात टेकलेले. काही महिन्यांनी तो दुसऱ्या गुंतागुंतीने गेला, पण झडप शेवटपर्यंत चालली. क्रिबिए यांनी त्याआधी १९८५ मध्ये नुसत्या फुग्याने झडप रुंद करून पाहिली होती. ती काही महिन्यांत परत आकसते हे दिसल्यावर तिथे आधार ठेवायचाच, या हट्टाने ते मागे लागले होते. डेन्मार्कचे हेनिंग रुड अँडरसन यांनी १९८९ साली डुकरांमध्ये अशी झडप बसवून दाखवली होती, हेही नोंदवायला हवं.

तुम्ही रुग्णाला काय सांगाल, यासाठी थोडक्यात कृती लिहिते. जांघेतल्या रोहिणीतून तार हृदयापर्यंत नेतात. नवी झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते आणि फुग्यावर दाबून बारीक केलेली असते. जुन्या झडपेत ती नेमकी बसली की पेसिंगच्या, म्हणजे विजेने ठोके देणाऱ्या, तारेने हृदय मिनिटाला १८० ते २०० ठोक्यांनी पळवतात. त्या काही सेकंदांत रक्त बाहेर पडणं जवळजवळ थांबतं, झडप वाहून जात नाही, आणि फुगा फुगवतात. जुनी झडप काढत नाहीत, ती भिंतीला चेपून राहते. दुसऱ्या एका प्रकारात फुग्याशिवाय जाळी आपोआप उलगडते. बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही, आणि सगळं सुरळीत झालं तर तीन-चार दिवसांत घरी.

धोकेही सांगा. दहातल्या एखाद्याला नंतर पेसमेकर लागतो, काही झडपांत प्रमाण त्याहून जास्त आहे. थोड्या जणांना अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. जांघेतली रोहिणी फाटू शकते, झडपेच्या कडेने रक्त गळू शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन करून झडपेचं माप, कॅल्शियम आणि पायाकडच्या रक्तवाहिन्या बघाव्याच लागतात. ज्याला पुढे गेलेला कॅन्सर आहे, ज्याची समज गेलेली आहे, जो अंथरुणाला खिळलाय, त्याला झडप बदलून सुख मिळत नाही. तिथे घरच्यांना हे स्पष्ट सांगणारा माणूसही तुम्हीच असता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या झडपांच्या पाकळ्या गोवंशाच्या किंवा डुकराच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून बनवतात. आपल्याकडे घरोघरी माळकरी आहेत. ऑपरेशननंतर महिन्याभराने कुणाकडून तरी हे कळणं फार वाईट. आधी कळलं तर माणूस विचार करतो, घरात बोलतो, बहुतेक वेळा मार्ग काढतो. नकोच म्हणाला तर छाती उघडून बसवायची धातूची झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने बनलेली भारतीय झडप १९९० पासून बसवली जाते आणि लाखाहून जास्त लोकांत बसली आहे. तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर तपासणी करत राहावं लागतं, एवढं लक्षात ठेवून सल्ला द्या.

साठीच्या आतल्या रुग्णाला टॅव्हीची घाई करू नका, कुणी करत असेल तर प्रश्न विचारा. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ६५ च्या आत शस्त्रक्रिया, ८० च्या पुढे टॅव्ही, आणि मधल्या वयात रुग्णाशी बोलून निर्णय, असं आहे. युरोपने वयाची रेषा थोडी वेगळी आखली आहे. टॅव्हीच्या झडपा किती वर्षं टिकतात याचा हिशेब तरुण रुग्णात महत्त्वाचा ठरतो. आणि तिशीतली बाई मायट्रल झडप आकसून आली असेल, तर तिचा विषय पूर्ण वेगळा : तिथे फुग्याने झडप मोकळी करता येते का हे आधी बघतात, आणि सांधेताप परत येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी चुकू द्यायचं नसतं.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. टॅव्हीचा खर्च आपल्याकडे सहज दहा लाखांच्या वर जातो, परदेशी झडप असली तर त्याहून बराच. वापीत बनणारी मायव्हॅल ही भारतीय झडप २०१८ पासून मिळते आणि २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लँडमार्क चाचणीत ती दोन्ही नावाजलेल्या परदेशी झडपांच्या तोडीची ठरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत छाती उघडून झडप बदलणं आधीपासून आहे. पाच लाखांच्या पुढे जाणाऱ्या उपचारांसाठी राज्याने २०२५ मध्ये वेगळ्या निधीचा निर्णय घेतला, त्या यादीत टॅव्ही आहे. आमच्या भागातल्या बहुतेक रुग्णांना हे ठाऊक नसतं. ते आकडा ऐकतात आणि जमीन विकायची की आईला घरी न्यायचं, एवढ्याच दोन गोष्टींत अडकतात. तुम्ही एवढं करा : शिधापत्रिका घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटायला सांगा, आणि कुठे प्रत्यक्ष मंजुरी मिळतेय ते लेखी घ्यायला सांगा.

शेवटी निर्णय होतो तो तुमच्या शब्दावर. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरने तासभर समजावलेलं पोरं ऐकून घेतात, आणि परत येऊन तुम्हाला विचारतात, "डॉक्टर, या वयात कशाला? होऊ द्या ना जसं होईल तसं." त्या क्षणी तुम्ही "बघा बाबा, तुमची इच्छा" म्हणालात की विषय संपतो. माझी कळकळीची विनंती आहे की तिथे थांबू नका. त्या बाईला स्वतःला विचारा. पोरं आईच्या वतीने बोलतात, पण तिला नातीच्या लग्नात उभं राहायचंय का, पुन्हा माहेरी जायचंय का, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. ती नको म्हणाली तर तिचा मान ठेवा. पण नको ते तिने म्हणू दे.

झडप बसवून आलेला रुग्ण परत तुमच्याकडेच येणार, म्हणून काही गोष्टी. ताप आला आणि उतरत नाही, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त काढा, निदान जिथे काढता येईल तिथे तातडीने पाठवा. कृत्रिम झडपेवर जंतू बसले असतील आणि आपण दोन दिवस गोळ्या देऊन ठेवल्या, तर जंतू सापडत नाही आणि माणूस हातचा जातो. दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, हे दाताच्या डॉक्टरला कळवा. सुरुवातीच्या आठवड्यांत चक्कर आली, नाडी चाळीसच्या घरात गेली, तर अशक्तपणा समजू नका, ईसीजी काढा. आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या कुणाच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं चालू दिसल्या तर त्या का आहेत हे विचारा. दुसरं कारण नसेल तर बहुतेकांना एक ॲस्पिरिन पुरते आणि रक्तस्राव कमी होतो, हे २०२० मध्ये चाचणीने दाखवलंय.

त्या आजींचं काय झालं, असं कुणी विचारेल. त्यांचं हृदय फार थकलेलं होतं, मूत्रपिंडंही गेली होती. पुण्यात तपासून झडप बसवण्यात अर्थ नाही असं ठरलं. औषधांवर घरी आहेत. दीड वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर, सलाईनच्या वर, "मर्मर" एवढा एक शब्द असता तर निर्णय वेगळा झाला असता, असं माझं मत आहे.

तुमच्या ओपीडीत असा रुग्ण सापडला, तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात "मर्मर, वय अमुक, चालणं कधीपासून कमी" एवढं लिहा आणि जवळ जिथे इको होतो तिथे पाठवा. आमच्या तालुक्यातल्या कुणी पाठवला तर मी त्याला रांगेत बसवणार नाही, त्याच दिवशी बघेन, आणि काय सापडलं ते तुम्हाला संध्याकाळच्या आत फोन करून सांगेन. चिठ्ठीवर तुमचा नंबर मात्र वाचता येईल असा लिहा.

आपली,
इको करणारी एक फिजिशियन